सुक्या मासळीबरोबर घेऊ नये

मागच्या महिन्यात पुतण्याकडे जेवायला गेलो होतो. पानं वाढून होताच त्याने कपाटातून एक बाटली काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "काका, तुमच्या धंद्यातली आहे. सांगा बघू कशी काय ते." मी चष्मा लावून लेबल वाचलं. लाल, तीन जातींच्या द्राक्षांची मिश्र वाइन, आणि वर ठळक अक्षरांत 'सेंद्रिय'. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत कशाबरोबर घ्यावी त्याची यादी होती. भाजलेलं मटण, चीज, मशरूम आणि अजून काय काय. सूनबाईने विचारलं, "काका, हे असं कशाबरोबर काय, ते खरंच असतं की नुसती जाहिरात?"

मी म्हटलं, "असतं." आणि वरणभात कालवायला घेतला.

पुतण्याला वाटलं, म्हाताऱ्याला सांगायचा कंटाळा आला. तसं नव्हतं. त्या यादीत नसलेली एक ओळ मी शोधत होतो. आमच्या बाटलीवर अगदी खाली ती असायची: सुक्या मासळीबरोबर घेऊ नये. ती ओळ माझी. बावीस वर्षं नोकरी केली, पण माझ्या हातचं छापून आलेलं वाक्य एवढंच. त्या वाक्याची आणि पाच जांभळांच्या झाडांची गोष्ट मी आजवर कोणाला नीट सांगितली नाही. या अंकाच्या निमित्ताने सांगून टाकतो.

आमचा कारखाना बोईसरच्या औद्योगिक वसाहतीच्या अगदी टोकाला होता. कारखाना म्हणायचा, पण होती पत्र्याची एक लांब शेड, मागे फळं चिरडायची खोली, आणि अर्धी जमिनीत उतरलेली एक थंड वखार. आजूबाजूला रंगांचे, औषधांचे, तारांचे कारखाने. त्या सगळ्या वासांत जून महिन्यात आमच्याकडून पिकल्या जांभळांचा वास सुटायचा आणि शिफ्टच्या बसमधली माणसं माना बाहेर काढून बघायची.

मी सफाळ्याचा. पालघरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. रंगाच्या कारखान्यात जाणार होतो, तिथे जागा नव्हती, इथे होती, एवढंच. शेजारपाजारी कोणी विचारलं की आई सांगायची, "सरबताच्या कारखान्यात आहे." लग्न ठरवताना मामाने 'फळप्रक्रिया' असा शब्द शोधून काढला आणि सासरे खूश झाले. त्यांना खरं काय ते कळलं तेव्हा पहिल्या मुलीचं बारसं होऊन गेलं होतं.

गंमत अशी की मी कधी प्यायलो नाही. आमच्या धंद्यात चाखतात, पीत नाहीत. घोटभर तोंडात घ्यायची, गालांत फिरवायची, नाकाने श्वास सोडायचा आणि पायाशी ठेवलेल्या बादलीत थुंकायची. दिवसातून दहा-बारा वेळा हे करायचं तर दुसरा इलाजच नाही. माझी बादली निळी होती. कामगार तिला 'साहेबांचा ग्लास' म्हणायचे.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. वीज केंद्रात नोकरीला असलेले साताऱ्याकडचे एक गृहस्थ दर वर्षी फाटकाशी येऊन उभे राहायचे. वडिलांना साखर होती आणि जांभूळ साखरेवर औषध, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. "म्हातारा दारूला शिवायचा नाही," ते म्हणायचे, "पण औषध म्हणून घेईल. तुम्ही फक्त कागदावर तसं लिहून द्या." मी दर वर्षी सांगायचो, अहो, ही दारूच आहे. मग ते फेकायला ठेवलेल्या बियांचं एक पोतं मागून न्यायचे. वडील गेले त्यानंतरच्या जूनमध्येही ते आले, पोतं नेलं.

आता आमची मिश्र वाइन म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दोन बाटल्या एकत्र ओतल्या की मिश्रण होत नाही. आमची काळी द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिककडून यायची. ती एका अशा शेतकऱ्याची, की जो फवारणी करत नाही म्हणून गावाने त्याला वेड्यात काढलेलं. त्याची वाइन मऊ, गोडसर स्वभावाची, थोडी मिळमिळीत. जांभळं जूनमध्ये. त्यांची वाइन तुरट, जीभ ओढणारी, आणि रंग असा की नखांतून आठ दिवस जायचा नाही. पहिली सिमेंटच्या टाकीत ठेवायची. दुसरीला लाकूड लागतं, तिचा तुरटपणा लाकडात निवतो, म्हणून ती जुन्या लाकडी पिंपांत. दिवाळीनंतर दोघांना एकत्र आणायचं, तीन भाग द्राक्षं, एक भाग जांभूळ. एकाला बोलता येत नाही आणि दुसऱ्याला गप्प बसता येत नाही, अशा नवराबायकोचा कधीकधी जसा चांगला संसार होतो, तसं ते होतं.

जांभळं धुवायची नसतात. फळावर जी पांढुरकी झाक असते तिच्यातच आंबवणारे जीव असतात. धुतलं की ते गेले. म्हणून फळ झाडावरून थेट पिंपाकडे यायला हवं आणि त्यावर कसलंही औषध नसायला हवं. 'सेंद्रिय' हा शब्द आम्हाला तेव्हा माहीत नव्हता. आम्ही 'बिनऔषधाची' म्हणायचो.

तशी झाडं मी शोधत होतो. वाणगावच्या पूर्वेला, रस्ता सोडून दीड तास चाललं की डोंगराच्या उतारावर वारल्यांचा एक पाडा लागायचा. तिथे लखमी राहायची. चाळिशीची असेल. नवरा गेलेला, एक मुलगा, एक सून, पावसावरचं थोडं भात आणि नाचणी, आणि घरामागे पाच जांभळं. त्यातलं सर्वात मोठं झाड दोन माणसांच्या कवेत मावायचं नाही.

पहिल्या वर्षी फळं न्यायला मी स्वतः गेलो. टोपल्या भरून झाडाखाली मांडल्या होत्या आणि आभाळ भरून आलेलं. मी म्हटलं, "लखमी, टोपल्या आत घे ना, भिजतील."

ती हसली. "हा फल आमी घरात नाय नेत, दादा."

"का?"

"सासऱ्याचा झाड हाय. त्यानी लावला, त्याच्याच खाली त्याला ठेवला. त्याचा फल त्याच्यापाशीच वाटाचा, इथंच खावाचा. उंबऱ्याच्या आत नाय. नेला तर झाड रुसतं."

"आणि बाकीची चार?"

"ती त्याचीच पोरां."

तिने टोपल्यांवर सागाची पानं झाकली आणि सरी पडत असताना तिथेच उकिडवी बसून राहिली. मी तिच्या घराच्या वळचणीला उभा राहून बघत होतो. मनात म्हटलं, काय एकेकाच्या समजुती. आणि विसरून गेलो.

त्या वर्षीची वाइन फार चांगली झाली. मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलातले परेरा नावाचे गृहस्थ आमच्या शेठकडे आले होते. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. शेठ माझ्याकडे बघत होते, मी परेरांकडे. शेवटी ते म्हणाले, "हमको चाहिए. पण फळावर औषध नको, पिंपात औषध नको. आमचे बाहेरचे गेस्ट हेच विचारतात. आणि मला लिहून द्या, ही कशाबरोबर खायची."

हे लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं. कारखान्यात चीज खाल्लेला एकही माणूस नव्हता. मग आठवडाभर कॅन्टीनमध्ये सगळ्यांचे डबे माझ्यासमोर. एक घास, एक घोट, बादली. घाटावरून आलेल्या फिटरच्या काळ्या रश्श्यापुढे वाइन पार मेली. बकऱ्याची कलेजी नुसत्या मीठ-मिऱ्यावर परतलेली, तिच्याबरोबर खुलली. सगळ्यांत छान जमली ती माझ्या आईच्या उकडहंडीबरोबर. आमच्याकडे थंडीत कोनफळ, रताळी, वालपापडी असं सगळं मातीच्या हंडीत तोंड बंद करून वाफेवर शिजवतात. त्या मातकट गोडव्यात जांभळाचा तुरटपणा असा बसला की मी दुसरा घोट घेतला. थुंकला, पण घेतला.

तारापूरकडची एक कामगार बाई सुकटीची चटणी घेऊन आली होती. तिच्याबरोबर घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. गंजका खिळा जिभेवर ठेवल्यासारखी चव, आणि ती जाता जाईना. सुके बोंबील आणून पाहिले, तेच. का ते तेव्हा मला कळलं नाही, पण लिहून मात्र टाकलं. कलेजी, भाजलेली कोंबडी, उकडहंडी यांच्यासोबत घ्यावी. सुक्या मासळीबरोबर घेऊ नये. शेठनी उकडहंडी कापून तिथे 'भाजलेले कंद' केलं. शेवटची ओळ तशीच राहिली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात परेरा कारखाना बघायला येणार होते. माझी बी.एस्सी. अंगात आली. पिंपं आम्ही नेहमी कढत पाणी आणि काथ्याने घासायचो. मोठ्या हॉटेलचा माणूस पिंपात डोकं घालून बघणार, आणि तिथे जुना जांभळा थर, हे माझ्याने बघवेना. ग्रामपंचायतीचे लोक विहिरींत टाकतात ती ब्लीचिंग पावडर मी आणवली, पाण्यात कालवली आणि पाच पिंपं आतून स्वतः घासली. तीनदा धुतली, उन्हात वाळवली. लाकूड पांढरंफटक झालं. सहावं पिंप गळत होतं म्हणून वसईला सुताराकडे पडलेलं. परेरांनी पिंपात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "एकदम क्लीन." मी शेठकडे बघून घेतलं. आपलं किती नाव झालं असं मला वाटलं, ते आजही आठवतं.

जूनमध्ये लखमीची जांभळं आली. आंबवण छान झाली. वाइन पिंपांत भरली. दिवाळीनंतर मिश्रणासाठी पहिलं पिंप उघडलं आणि मी मागे सरलो. ओल्या पोत्यासारखा, दवाखान्यातल्या फरशीसारखा वास. दुसरं पिंप, तोच वास. पाचही तशीच. टाकीतली द्राक्षांची वाइन चाखली, ती स्वच्छ, निर्मळ.

तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस काय समजेल? द्राक्षं चांगली, जांभळं वाईट. म्हणजे खोट जांभळांत. वास औषधासारखा. म्हणजे फळावर औषध. मी दुसऱ्याच दिवशी पाड्यावर गेलो. लखमी शेतात होती. घराचं दार उघडं होतं. आत कुडाच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत पांढरे ओघळ होते आणि दाराच्या फळीवर खडूने तारीख लिहिलेली. मलेरियाचे फवारणीवाले येऊन गेले होते. मेच्या अखेरीची तारीख होती. जांभळं काढायच्या आदल्या आठवड्यातली.

मला वाटलं, सापडलं. ती परत येईपर्यंतही मी थांबलो नाही. शेठला सांगितलं की फळं फवारलेल्या घरात ठेवली होती. शेठनी परेरांना तसंच कळवलं. दारूबंदी खात्याच्या इन्स्पेक्टरसमोर पाच पिंपं गटारात ओतली. दुपारभर गटार जांभळं वाहत होतं.

यंदा फळं नकोत असा निरोप पाड्यावर पाठवावा, असं मनात दोन-तीनदा आलं होतं. पाठवला नाही. जून आला आणि एका सकाळी लखमी फाटकाशी उभी. बरोबर सून आणि पाड्यावरच्या तिघी. पाच जणींच्या डोक्यांवर टोपल्या, वर सागाची पानं. वाणगावपर्यंत चालत आणि तिथून ट्रकवाल्याला विनवून आल्या होत्या. तिने टोपली उतरवली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "यावर्षी गुलावानी गोड पिकलाय बघ."

मी म्हटलं, "लखमी, ही घेता येणार नाहीत."

"का? पिकली नाय?"

"पिकली आहेत. मागच्या वर्षीच्या मालाला औषधाचा वास आला. तुझ्या घरात फवारणी झाली होती."

"घरात झाली. झाडावर नाय झाली."

"फळं घरात ठेवली असशील."

तिने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. समजत नव्हतं तिला. "आमी घरात नाय नेत, दादा. तुला म्हाईत हाय."

आणि मी म्हणालो, "सगळे असंच म्हणतात."

हे वाक्य मी म्हणालो. त्या पावसात ती झाडाखाली उकिडवी बसलेली मी पाहिली होती, तरी म्हणालो. पण भिंतीवरचे पांढरे ओघळही मी डोळ्यांनी पाहिले होते, आणि माझ्या शिक्षणाला ओघळ कळत होते, उंबरा कळत नव्हता.

फाटकावरचा भैया मध्ये पडला. "रख लो न साहब, इतनी दूर से आई हैं." मी नाही म्हणून मान हलवली. लखमीने टोपली डोक्यावर घेताना दोन जांभळं खाली पडली. ती तिने वाकून उचलली, फुंकर मारली आणि परत टोपलीत ठेवली. पाचही जणी वळल्या. जांभूळ एका दिवसाचं फळ. दुपारच्या उन्हात त्याचं काय होणार हे माझ्याइतकं त्या वसाहतीत कोणालाच ठाऊक नव्हतं. फाटकातल्या सिमेंटवर टोपलीतून गळालेल्या रसाचे डाग पडले होते. मी ते धुवायला सांगितले.

त्या वर्षी जांभळाशिवायच काम चालवायचं ठरलं. टाकीतली द्राक्षांची वाइन, तिला थोडी लाकडाची चव यावी म्हणून, ऑक्टोबरमध्ये पिंपांत भरली. वसईहून सहावं पिंपही दुरुस्त होऊन आलं होतं. त्यातही भरली. डिसेंबरमध्ये पहिलं पिंप उघडलं.

ओल्या पोत्याचा, दवाखान्याच्या फरशीचा वास.

मी खाली बसलो. त्यात जांभळाचा थेंब नव्हता. दुसरं उघडलं, तिसरं, चौथं, पाचवं. सगळ्यांत तेच. मग सहावं उघडलं. त्यातली वाइन चांगली होती. नुसती चांगली. मी त्या पिंपात नाक घालून उभा राहिलो आणि मला एकदम कळलं की गेल्या वर्षीच्या मे महिन्यात हे एकच पिंप माझ्या हाताखालून गेलं नव्हतं. ब्लीचिंग पावडर लाकडात मुरते, आत जी बुरशी असते तिच्याशी मिळते आणि वर्ष-दोन वर्षं तो वास सोडत राहते. हे मी पुढे वाचलं. त्या दिवशी वाचायची गरज पडली नाही. फळावर औषध नव्हतंच. औषध मी मारलं होतं.

शेठना सांगितलं. ते चांगले होते. म्हणाले, "झालं ते झालं. परेरा तर हातचे गेले." मी म्हटलं, "मला एक दिवस रजा हवी." आणि पहिल्या वर्षाची एक बाटली मागून घेतली. शेवटच्या तीन उरल्या होत्या.

जानेवारीत गेलो. उतार चढताना लांबूनच काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. जवळ गेल्यावर कळलं. घरामागचं आभाळ मोकळं होतं. पाच बुंधे, हातभर उंचीचे, कापलेला भाग अजून लालसर. लखमी अंगणात सूप घेऊन बसली होती. मला बघून उठली नाही, पण सूप बाजूला ठेवलं.

"कधी तोडली?"

"दिवाळीच्या मागून. लाकडाचा ठेकेदार दरवर्षी इचारायचा. जांबलाचा लाकूड पान्यात कुजत नाय, हिरीच्या तलाशी घालतात. मी दरवर्षी नाय बोलाची. या वर्षी फल गेला वाटंवर टाकून. पोरगा इटांच्या भट्टीवर गेला. कोनासाठी ठेवू?"

"सासऱ्याचंही?"

"त्याचाच आदी तोडला. मोठा व्हता ना."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. वाटेत शंभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही. म्हटलं, "लखमी, फळ चांगलं होतं. पिंपांना मी पावडर लावली, तिचा वास होता. चूक माझी होती."

ती ऐकत होती. नाचणीच्या दाण्यांतून एक खडा काढून तिने लांब फेकला.

"मी तुला बोलली व्हती."

"हो."

"तवा तू ऐकला नाय."

"नाही ऐकलं."

मी पिशवीतून बाटली काढली. तिने हातात घेऊन उन्हात धरली. आतला रंग तिच्या बोटांवर पडला. "हा काय हाय?"

"तुझीच जांभळं आहेत. पहिल्या वर्षाची."

बाटली उन्हात तापेल म्हणून, सवयीने, मी ती तिच्या हातातून घेतली आणि आत सावलीला ठेवायला उंबऱ्याकडे गेलो. लखमी उठली आणि तिने माझं मनगट धरलं.

"आत नको."

मी थांबलो.

"घरात नाय नेत," ती म्हणाली. "म्हाईत नाय का तुला?"

झाड राहिलं नव्हतं. रुसायलाही कोणी उरलं नव्हतं. तरी ते फळ उंबऱ्याच्या आत जाणार नव्हतं. मी बाटली घेऊन उंबऱ्याबाहेर उभा होतो आणि मला रडू येत होतं. बायकोसमोर मी कधी रडलो नाही, लखमीसमोर रडलो. तिने माझं मनगट बराच वेळ सोडलं नाही.

मग बाटली घेऊन ती मोठ्या बुंध्यापाशी गेली. आम्ही तिथे बसलो. मी बूच काढलं. तिने आधी बुंध्यावर धार सोडली. कापलेल्या लाकडाने ती पिऊन घेतली. मग पळसाच्या पानाचे दोन द्रोण केले, एक माझ्या हातात दिला. सुनेने घरातून नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी आणून समोर ठेवली.

लखमी लेबलावर बोट फिरवत होती. "हा काय लिवलाय?"

मी वाचून दाखवलं. कलेजी. भाजलेली कोंबडी. मग थांबलो. तिचं बोट शेवटच्या ओळीवर होतं.

"आन हा?"

"सुक्या मासळीबरोबर घेऊ नये."

तिने चटणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आमच्या घरात तर तीच आसतं," ती म्हणाली. "मंग आमच्यासाठी नाय केलास तू हा."

कॅन्टीनमध्ये मी सगळ्यांचे डबे चाखले होते. ज्यांच्या झाडाची ती वाइन, त्यांच्या घरी काय शिजतं, हे विचारायचं मात्र माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर चटणी घेतली आणि खाल्ली. मग द्रोण तोंडाला लावला. तोच गंजका खिळा जिभेवर आला. लखमी माझ्या तोंडाकडे बघत होती. समोर सासऱ्याचा बुंधा होता, ओला. बादली आणली नव्हती.

मी गिळली.